परसातले टोमॅटो

२०१२ च्या मे महिन्यात यजमानांच्या बदलीचा हुकूम आला, तेव्हा आमच्या घरात सर्वांत अधिक आनंद झाला तो माझ्या सासूबाईंना. 'पाटणला बदली झाली', एवढेच शब्द त्यांच्या कानी पडले होते. त्यांचे माहेर सातारा जिल्ह्यातले. कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर जे पाटण गाव आहे, त्याच्यापासून दोन कोसांवरचे. पन्नास वर्षांपूर्वी सोडलेल्या त्या मुलखात आता उतारवयात पुन्हा राहावयास मिळणार, या कल्पनेने त्यांनी दुपारीच देवापुढे साखर ठेवली. खरा प्रकार संध्याकाळी उघडकीस आला. यजमानांची बदली झाली होती ती पाटणला नव्हे, तर 'पाटन'ला. आणि हे पाटन मध्य प्रदेशात, जबलपूर जिल्ह्यात होते. एका अक्षराचा तेवढा फरक. पण त्या एका अक्षराने आम्हांला सह्याद्रीवरून उचलले आणि नर्मदेच्या पलीकडे नेऊन ठेवले!

श्रोतेहो, आज मी आपल्याशी बोलणार आहे ते परसात टोमॅटो कसे लावावेत याविषयी. ही विद्या मी ज्या गावी शिकले आणि जिच्या संगतीत शिकले, त्या दोघांची ओळख करून दिल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटले नाही, म्हणून एवढे प्रास्ताविक केले.

जबलपूरहून पश्चिमेकडे, थोडे उत्तरेस झुकून, सुमारे तीस किलोमीटर गेले की पाटन लागते. तहसिलीचे गाव आहे. हिरन नावाची नदी या भागातून वाहत जाऊन नर्मदेस मिळते. मराठी माणसास हा मुलूख अगदीच परका म्हणता येणार नाही. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांनी घेतले. १७९८ मध्ये तो प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला. आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर ही एकाच राज्यात नांदत होती. त्यामुळे जबलपूर शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे भेटतात. पाटनला मात्र आमच्या गल्लीत मराठी बोलणारे असे आमचे एकटेच बिऱ्हाड होते. सासूबाईंशी गप्पा मारावयास कोणी नव्हते, आणि त्यांना हिंदी येत होते ते भाजीवाल्यापुरते.

घराच्या मागे परस होते. विहीर, तुळस, एक पेरूचे झाड आणि पुढे वीसएक हात लांबीची मोकळी, काळीभोर जमीन. ती जमीन पाहून सासूबाईंचा चेहरा पहिल्यांदा थोडा उजळला. साताऱ्याहून येताना त्यांनी लुगड्याच्या पदराला गाठ मारून टोमॅटोचे बी आणले होते. आल्याबरोबर, जूनच्या अखेरीस, त्यांनी ते वाफ्यात टाकले. तीन आठवड्यांत रोपे हाताएवढी झाली. मग मृगाचा पाऊस, आषाढाचा पाऊस, 'आमच्याकडे याच दिवसांत लावतात' असे म्हणत त्यांनी स्वतः ओणवे होऊन चाळीस रोपे जमिनीत लावली. आठ दिवस ती तरारली. नंतर पावसाने जी झड धरली, ती काही केल्या सुटेना. परसात घोट्याएवढे पाणी साचले. उघडीप पडली तेव्हा रोपे पिवळी पडून माना टाकू लागली होती. आणि चमत्कार असा, की पायथ्याशी पाणी असूनही ती तहानेने कोमेजल्यासारखी दिसत होती. गोकुळाष्टमीच्या सुमारास चाळिसांपैकी एकही रोप उरले नाही.

सासूबाई त्या दिवशी वाफ्याकडे पाहून एवढेच म्हणाल्या, "या मातीत आपलं काही रुजायचं नाही." त्यानंतर त्यांनी परसाकडे जाणेच सोडले. दुपारभर त्या पुढच्या खोलीत खिडकीशी बसून राहत. जेवणही कमी झाले. यजमान आणि मी रात्री हळू आवाजात बोलत असू, की यांना पुण्यास दिरांकडे पाठवावे काय. एका नष्ट झालेल्या वाफ्याचा एवढा परिणाम व्हावा, हे मला त्या वेळी चमत्कारिक वाटले होते. आज वाटत नाही.

आमच्या शेजारी एक वृद्ध शेतकरी राहत असत. सगळी गल्ली त्यांना 'दद्दा' म्हणे, म्हणून आम्हीही म्हणत असू. एके दिवशी विहिरीवर त्यांनी मला आमच्या टोमॅटोंची हकिकत विचारली, आणि ऐकून ते हसले नाहीत, उलट गंभीरपणे म्हणाले, "अभी तो पानी का राज है." मग ते मला गावाबाहेर आपले शेत दाखवावयास घेऊन गेले. मी पाहिले ते शेत नव्हतेच. चारी बाजूंनी मातीचे उंच बांध घातलेला तो एक तलाव होता. शेजारीही तसाच तलाव, त्यापलीकडे आणखी एक. या पद्धतीस तिकडे 'हवेली' म्हणतात. नर्मदाखोऱ्यातील जबलपूर, नरसिंहपूर, दमोह या भागांत ती फार जुन्या काळापासून चालत आलेली आहे. काळी, भारी जमीन. पावसाळ्यात त्यात पीक तग धरीत नाही. म्हणून शेतकरी चार महिने शेत पाण्यालाच देऊन टाकतो. पाण्याखाली तण कुजते, जमीन खोलवर मुरते, आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून एकेक बांध फोडून पाणी खालच्या शेतात, तेथून ओढ्यात सोडले जाते. मग त्या मुरलेल्या ओलीवर गहू, हरभरा, मसूर पेरतात. आता सिंचन आले, धान आणि सोयाबीन आले, त्यामुळे हवेलीची शेते पूर्वीइतकी राहिलेली नाहीत. पण दद्दांनी आपली दोन शेते तशीच ठेवली होती.

त्या बांधावर उभी असताना आमच्या चाळीस रोपांचे मरण मला उमगले. मुळांना पाणी लागते तशी हवाही लागते. आमच्या साताऱ्याकडील उताराच्या, तांबड्या, मुरमाड जमिनीतून पाणी निचरून जाते आणि मातीच्या कणांमध्ये हवा खेळती राहते. काळ्या चिकण मातीचे कण अतिशय बारीक; ती पाणी शोषून फुगते आणि धरून ठेवते. पाणी साचले की मुळांभोवतालची हवा संपते, मुळे गुदमरतात, पाणी वर चढविण्याचे त्यांचे काम थांबते. आणि म्हणून रोप पाण्यात उभे असूनही तहानेने मरते. जमिनीचा दोष नव्हता, बियाचाही नव्हता. आम्ही साताऱ्याचे पंचांग जबलपूरच्या मातीवर लादले होते, एवढाच काय तो अपराध.

हे सारे मी घरी येऊन सासूबाईंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे केव्हा लावायचे म्हणतात ते?" या प्रश्नातच माझे अर्धे काम झाले होते.

येथे थोडे विषयांतर करते. टोमॅटो हा मुळात आपल्याकडचा नव्हेच. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वताच्या पश्चिमेकडील मुलखात. त्याला माणसाळविले ते मेक्सिकोतील लोकांनी. त्यांच्या नाव्हातल भाषेतील 'तोमात्ल' या शब्दावरून आजचे नाव आले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. तेथे पुष्कळ दिवस लोक त्याला भीत असत, कारण विषारी बेलाडोना याच कुळातले. १७५३ साली लिनियसने त्याला जे शास्त्रीय नाव दिले, त्यातील 'लायकोपर्सिकम' या शब्दाचा अर्थ 'लांडग्याचे पीच' असा होतो! भारतात तो बहुधा पोर्तुगिजांबरोबर आला. बंगालात त्याला विलायती वांगे म्हणत. आपल्याकडे कुठे बेलवांगे, कुठे भेदरे. ही नावे देणाऱ्यांची नजर मात्र अचूक होती, कारण टोमॅटो हा वांग्याचा, मिरचीचा आणि बटाट्याचा सख्खा भाऊबंद आहे. सासूबाई सांगत, की त्यांच्या सासूबाईंच्या सोवळ्यातील स्वयंपाकात टोमॅटोला प्रवेश नसे. चिरल्यावर त्याचा लाल रंग पाहून त्या बाजूला सरत. आज त्याच घराण्यात टोमॅटोच्या साराशिवाय पंगत होत नाही. परका आला, उंबऱ्याबाहेर बसला, आणि दोन पिढ्यांत घरचा झाला. अशी ही कथा आहे.

असो. पितृपक्षात हवेल्यांचे पाणी उतरू लागले आणि आमची दुसरी तयारी सुरू झाली. ज्यांना परसात, गच्चीवर किंवा कुंडीत टोमॅटो लावावयाचे असतील, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ती थोडी विस्ताराने सांगते.

पहिली गोष्ट, जागा. दिवसातून निदान सहा तास ऊन लागेल अशी जागा हवी. मागच्या हंगामात जेथे वांगी, मिरची किंवा बटाटा होता, ती जागा टाळावी. कारण भावाचे रोग भावाला लागतात. दुसरी गोष्ट, निचरा. आम्ही जमिनीपासून वीतभर उंच असे दोन गादीवाफे केले. त्यांत परसातील काळी माती निम्मी, आणि उरलेल्या निम्म्यात वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळले. खत कुजलेलेच हवे आणि तेही बेताने. खताचा फार मारा केला की झाड पानांनी माजते आणि फुलांना विसरते.

रोपे आम्ही पाटनच्या आठवडी बाजारातून आणली. पंचवीस-तीस दिवसांची, ठेंगणी, जाड खोडाची रोपे निवडावीत. उंच आणि बारीक रोप दिसावयास गोंडस, पण लावावयास कुचकामी. ती तेथील देशी वाणाची होती. फळ चपटे, वळीदार आणि आंबट. संकरित वाण उत्पन्न अधिक देतात, परंतु त्यांच्या फळातील बी पुढच्या वर्षी लावले तर आईबापांसारखे पीक येईल याची शाश्वती नसते. घरच्या बागेस देशी वाण किंवा दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने काढलेल्या 'पुसा रुबी'सारखा सरळ वाण पुरेसा असतो. जबलपूरलाही १९६४ पासून जवाहरलाल नेहरू कृषि विश्वविद्यालय आहे. आपल्या भागातील अशा विद्यापीठाचा किंवा कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा, म्हणजे आमच्यासारखी चाळीस रोपे गमवावी लागत नाहीत.

लावणी संध्याकाळी करावी. या वेळी सासूबाईंनी मला एक गोष्ट शिकविली, जी त्यांना माहेरी त्यांच्या आईने शिकविली होती. टोमॅटोचे रोप लावताना खालची पाने खुडून टाकून खोडाचा तिसरा हिस्सा मातीत पुरावयाचा. इतर पुष्कळ झाडांचे खोड असे पुरले तर कुजते. टोमॅटोचे तसे नाही. त्याच्या खोडावर बारीक लव असते आणि खोडाचा जो भाग मातीखाली जाईल, तेथून नवी मुळे फुटतात. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर ठेवावे. हवा खेळली पाहिजे. दाटीवाटीत करपा लवकर येतो.

रोप फूटभर झाले की बांबूची काठी रोवून त्यास सैल गाठीने बांधावे. फळे जमिनीस टेकली तर कुजतात. उंच वाढणारा वाण असेल तर पान आणि खोड यांच्या बेचक्यातून जी आगंतुक फूट निघते, ती बोटभर असतानाच खुडावी. झुडपासारख्या ठेंगण्या वाणास मात्र हात लावू नये. पाणी पानांवर उडवू नये, बुंध्याशी द्यावे. आणि वरची दोन बोटे माती सुकल्यावर द्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाण्यात नियमितपणा हवा. चार दिवस विसरलात आणि पाचव्या दिवशी हौद उपडा केलात, तर फळे तडकतात. त्याच अनियमितपणामुळे फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. लोक त्यास रोग समजून औषधे फवारतात. वस्तुतः पाण्याबरोबर फळात जावयाचे कॅल्शियम वेळेवर न पोहोचल्याचा तो परिणाम असतो. बुंध्याभोवती वाळल्या पाल्यापाचोळ्याचे आच्छादन घातले की ओल टिकते आणि हा त्रास पुष्कळ कमी होतो.

फुलाविषयी एक गंमत सांगते. टोमॅटोच्या एकाच फुलात पराग आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे त्याला दुसऱ्या झाडाची गरज भासत नाही. पण पराग सुटावयास एखादा हेलकावा मात्र लागतो. उघड्या परसात ते काम वारा आणि मधमाश्या करतात. शहरातील बंदिस्त गॅलरीत कुंडी असेल, तर सकाळी फुलांचा झुबका बोटाने हळूच टिचकावा, फळे धरतात.

किडींचे म्हणाल, तर सासूबाईंनी दसऱ्याच्या तोरणासाठी वाफ्याच्या कडेने झेंडू लावला होता. तो हेतू धार्मिक होता. पण फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूवर अंडी घालणे पसंत करतो आणि टोमॅटो वाचतो. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावावी अशी शिफारस केलेली आहे. एखाद्या झाडाची पाने आखडून द्रोणासारखी झाली, तर ती पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूची खूण. त्यावर उपाय नाही. ते झाड उपटून नष्ट करावे, म्हणजे बाकीची वाचतात. आमची बावीस झाडे होती. त्यांतली दोन अशी गेली. उरली वीस. डिसेंबरच्या अखेरीस त्या विसांवर हिरव्या फळांचे घोस लोंबू लागले. सासूबाई सकाळी उठून आधी परसात जात आणि मग देवपूजेस बसत.

जानेवारी २०१३ मध्ये थंडीने अक्षरशः कहर केला. एका संध्याकाळी दद्दा लगबगीने कुंपणाशी आले आणि म्हणाले, "आज रात पाला पड़ेगा, माताजी." सासूबाईंनी पेरूच्या झाडाकडे पाहिले आणि मला म्हणाल्या, "पाला पडेल तर पडू दे, सकाळी झाडून काढू." मला हसू आवरेना, पण दद्दांचा चेहरा पाहून मी भानावर आले. हिंदीत 'पाला' म्हणजे झाडाची पाने नव्हेत. पाला म्हणजे गोठणारे दंव. निरभ्र आकाश, वारा पडलेला, अशा रात्री जमीन आपली ऊब झपाट्याने आकाशात सोडून देते. पहाटे पानांवरील आणि पानांतील पाणी गोठते आणि सूर्य वर आला की पाने उकडल्यासारखी काळी पडतात. टोमॅटोला तर हे मुळीच सोसत नाही. आणि दद्दांच्या शेतात होता वाटाणा. जबलपूरचा, विशेषतः पाटन-शहापुराकडचा, मटार दूरदूरच्या बाजारांत जातो. 'एक जिल्हा, एक उत्पादन' या योजनेत पुढे जबलपूरसाठी मटारच निवडला गेला. कित्येक घरांचे वर्षाचे उत्पन्न त्या एका पिकावर अवलंबून असते. आमचे वीस टोमॅटो म्हणजे हौस. त्यांचा वाटाणा म्हणजे संसार.

दद्दांनी उपाय सांगितले ते असे: संध्याकाळी हलके पाणी द्यावे, कारण ओली माती ऊब धरून ठेवते, शेताच्या वाऱ्याकडील बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करावा, आणि थोडीच झाडे असतील तर ती झाकावीत. यजमान दद्दांबरोबर त्यांच्या शेतावर गेले. घरी आम्ही दोघी. मी चादरी आणल्या. पण वीस झाडांना त्या कितीशा पुरणार? तेव्हा सासूबाई आत गेल्या आणि ट्रंक उघडून आपली जुनी नऊवारी लुगडी घेऊन आल्या. इरकली, धारवाडी, एक तर त्यांच्या आईचे. मी म्हटले, "आई, ही नको, फाटतील." त्या म्हणाल्या, "नऊ वार आहेत गं. एकेका लुगड्यात सहा झाडं बसतील." कंदिलाच्या उजेडात आम्ही काठ्यांवरून ती लुगडी पसरली आणि कडांना विटा ठेवल्या. दूर शेतांतून ठिकठिकाणी धुराच्या रेषा उठत होत्या. त्या रात्री पाटनमध्ये फारसे कोणी झोपले नसावे.

पहाटे कुंपणावरचे गवत साखर पेरल्यासारखे पांढरे झाले होते. ऊन वर आल्यावर आम्ही लुगडी काढली. सतरा झाडे हिरवीगार होती. टोकाकडची तीन, ज्यांच्यावरून लुगडे रात्री घसरले होते, ती दुपारपर्यंत काळी पडली. दद्दांच्या सखल शेतातला वाटाणा करपला. थंड हवा जड असते, ती सखलात साठते. तेथे धूरही उपयोगी पडला नाही. वरच्या शेतातला बराचसा वाचला. दुपारी सासूबाईंनी त्या तीन झाडांवरचे हिरवे टोमॅटो तोडले, दाण्याचे कूट, तीळ आणि मिरची घालून त्यांची चटणी केली, आणि डबा घेऊन त्या स्वतः दद्दांच्या घरी गेल्या. त्या घरात पाऊल टाकण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. दद्दांच्या पत्नीशी त्या कोणत्या भाषेत बोलल्या, ते मला ठाऊक नाही. पण परत आल्या त्या दिवेलागणीस.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्हांला भरपूर टोमॅटो मिळाले. चांगली निगा असली तर परसातले एक झाड दोन-तीन किलो फळ सहज देते. फळावर लाली चढू लागली की तोडावे. ते घरात पिकते. पिकलेले फळ शीतकपाटात ठेवू नये, कारण अति थंडीने त्याचा स्वाद जातो. एप्रिलचे ऊन तापले तशी फुले गळू लागली आणि उरलेली फळे लाल होण्याऐवजी पिवळट राहू लागली. त्यात झाडाचा दोष नसतो. रात्री पंधरा ते वीस अंश तापमान असले की टोमॅटो सुखाने फळ धरतो. आणि तीस अंशांच्या वर उष्णता राहिली की त्याचा लाल रंग नीट तयार होत नाही. त्यामुळे हंगाम संपला म्हणजे झाडे उपटावीत. आग्रह धरू नये.

या छंदाने घराचा भाजीखर्च वाचतो, असे मी सांगणार नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचा भाव किलोला शंभराच्या आणि काही शहरांत दोनशेच्याही पुढे गेला, तेव्हा पुष्कळांना परसबागेची आठवण झाली. पण २०२१ च्या ऑगस्टात नाशिक भागातील शेतकऱ्यांनी किलोला दोन-तीन रुपये भाव मिळाल्यामुळे टोमॅटो रस्त्यावर ओतले होते, त्याची आठवण किती जणांना राहिली? ज्याने पंधरा-वीस झाडे एक हंगाम सांभाळली आहेत, झड पाहिली आहे, पानांची द्रोणे पाहिली आहेत, दंवाची एक रात्र जागून काढली आहे, त्याला हे दोन्ही भाव सारखेच बोचतात. परसबाग आपल्याला शेतकरी करीत नाही. पण शेतकऱ्याशी घासाघीस करताना आपली जीभ थोडी अडखळविते. मला वाटते, हा तिचा मोठाच लाभ आहे.

त्या मार्चमध्ये सासूबाईंनी सर्वांत चांगल्या झाडावरची चार फळे बियांसाठी राखली. पूर्ण पिकल्यावर गर काढून त्यांनी तो दोन दिवस वाटीत आंबत ठेवला, म्हणजे बियांभोवतालचा बुळबुळीत थर सुटतो. मग बी धुऊन, सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत बांधले. दरवर्षी हा क्रम चालला. पुण्यास पाठविण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. २०१६ साली आमची बदली पुण्यास झाली, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांत अशा तीन पुड्या होत्या. त्यांतली एक त्यांनी साताऱ्याकडे, माहेरी भाच्याकडे पाठविली. पाटनहून आणलेले बी पाटणला गेले.

आता सासूबाई नाहीत. त्यांच्या हातची एक पुडी माझ्याजवळ अजून आहे. त्यातले बी दरवर्षी लावून मी नव्याने भरून ठेवते. पुडीवर त्यांनी पेन्सिलीने गावाचे नाव लिहिलेले आहे. चार वर्षे हट्टाने 'पाटण' लिहिणाऱ्या त्या बाईंनी त्या पुडीवर मात्र 'पाटन' असे लिहिले आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जण कामाधंद्यानिमित्त आपला मुलूख सोडून दूरदूरच्या गावी राहत असाल. तेथे दोन हात जमीन असेल किंवा खिडकीत एखादी कुंडी मावत असेल. तिच्यात दोन रोपे लावून पाहा. मात्र लावण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारा, की येथे पाऊस कसा पडतो, माती पाणी किती धरते, थंडी केव्हा येते. आणि रोप लावताना खोड थोडे खोल पुरा.